पाइप गॅस नसलेल्या घरात सिलिंडरवर हॉब बसवताना

हॉब (ओट्यात बसणारी गॅसची शेगडी) कसा बसवायचा हे सांगणारे बहुतेक जण ओट्याला भोक पाडण्यातच रमतात. ते काम सोपं आहे. खरी मेख हॉबच्या पोटात असते. पुष्कळ हॉब पाइपने येणाऱ्या नैसर्गिक गॅससाठी कारखान्यातूनच लावून येतात आणि सिलिंडरच्या गॅसची जेट (ज्यांच्या बारीक भोकातून गॅस बर्नरमध्ये येतो ती पितळी तोंडं) एका चिमुकल्या पुडीत वेगळी दिलेली असतात. ही पुडी हमखास थर्माकोलबरोबर कचऱ्यात जाते. म्हणून खोकं फेकण्याआधी ती शोधा आणि हॉबच्या बुडावरची पट्टी वाचा. कोणता गॅस, किती दाब, हे तिथे लिहिलेलं असतं.

सिलिंडर उभाच ठेवायचा, सपाट आणि हवेशीर जागी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो (प्रोपेन साधारण दीडपट, ब्युटेन दुप्पट), त्यामुळे गळला तर तो जमिनीलगत साचतो. खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. जमिनीलगत हवा जायला वाट हवी. तळघर आणि गटाराची जाळी यांच्या जवळपासही सिलिंडर नको.

ओटा साच्याप्रमाणे कापा, कडेला सीलची पट्टी लावा, हॉब बसवून खालून क्लिपा आवळा. झालं.

आता जेट. एलपीजीमध्ये तेवढ्याच आकारमानात नैसर्गिक गॅसच्या साधारण अडीच ते तीनपट उष्णता असते आणि तो येतोही जास्त दाबाने, म्हणून त्याच्या जेटचं भोक बारीक. जेटवर कोरलेला आकडा म्हणजे मिलिमीटरचे शंभरावे भाग: ८५ म्हणजे ०.८५ मिमी. मोठ्या बर्नरला मोठा आकडा, छोट्याला छोटा. कोणता कुठे ते हॉबच्या पुस्तिकेतल्या तक्त्यात पाहा. बर्नरची टोपी काढली की आत खोल पितळी जेट दिसतं. ते बहुधा ७ मिमीच्या बॉक्स पान्याने निघतं. पान्याच्या तोंडात थोडं ग्रीस लावलं की जेट त्यात चिकटून राहतं, आत पडत नाही. जुनी जेट जपून ठेवा.

जेट मिळालं नाही तर आहे त्याचंच भोक डाग देऊन बारीक करा, असं सांगणारे महाभाग भेटतात. त्यांचं मुळीच ऐकू नका. चुकीच्या जेटवर ज्योत पिवळी आणि लांब होते, भांड्यांना काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो.

जेट बदलली म्हणजे काम संपलं, असं समजून बरेच कारागीर इथेच हात धुतात. मग नॉब अगदी मंदावर आणला तरी आच मध्यमच राहते. मीही सुरुवातीला यावर पुष्कळ डोकं खाजवलं. मंद आच बर्नरच्या जेटवर ठरत नाही, ती ठरते नॉबखालच्या बायपास स्क्रूवर, म्हणजे मंद आचेला किती गॅस जायचा ते ठरवणाऱ्या स्क्रूवर. नॉब सरळ वर ओढून काढा. दांड्याच्या बाजूला किंवा दांड्याच्याच पोकळीत बारीक पितळी स्क्रू दिसेल. त्यासाठी अरुंद पात्याचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. जाड पातं खाच खातं. एलपीजीसाठी बहुतेक हॉबमध्ये हा स्क्रू पूर्ण आत फिरवायचा असतो, काहींत तो बदलावाच लागतो. टेकला की थांबा, पिळू नका.

नळी एलपीजीसाठीच बनवलेली, शक्य तितकी आखूड आणि हॉबच्या तापणाऱ्या बुडाला न टेकणारी हवी. बंद करायची चावी कपाटातलं सामान न काढता हाताला लागली पाहिजे. रेग्युलेटरचा दाब पट्टीवरच्या आकड्याशी जुळवा. मोठ्या शेगडीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर इथे चालत नाही. वॉशरच्या जोडाला टेफलॉन टेप गुंडाळू नका, तिथे सील वॉशर करतो. गॅसचे जोड परवानाधारकानेच करायचा नियम असेल तर त्याच्याकडूनच करून घ्या, पण शेजारी उभे राहा आणि बायपासचं विचारा.

मग सगळे नॉब बंद ठेवून सिलिंडर उघडा आणि प्रत्येक जोडाला ब्रशने साबणाचं पाणी लावा. रेग्युलेटर, नळीची दोन्ही टोकं, हॉबखालचा एल्बो (काटकोनी जोड). फुगा वाढताना दिसला की सिलिंडर बंद करून जोड पुन्हा करा. काडी पेटवून तपासणाऱ्याला घरात घेऊ नका.

गळती नाही याची खात्री झाल्यावरच पेटवा. ज्योत निळी हवी, टोकं पिवळी नकोत आणि ती बर्नरपासून उचलली जाऊन फुरफुरू नये. दहाएक मिनिटं तापू द्या, नॉब मोठ्यावरून झटकन मंदावर आणा, खालच्या कपाटाचं दार जोरात लावा. ज्योत विझता कामा नये. नॉब सोडताच विझत असेल तर तो आणखी काही सेकंद दाबून धरा. सुरक्षेचा थर्मोकपल (ज्योत विझली की गॅस बंद करवणारी, ज्योतीशेजारची कांडी) तापायला तेवढा वेळ घेतो.