न्यू जर्सीत फोरक्लोजरचं घर घेताना

फोरक्लोजरचं घर, म्हणजे कर्जाचे हप्ते थकल्यामुळे विकायला निघालेलं घर, घेतोय असं साताऱ्याला फोनवर सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी किंमत विचारली नाही. "त्या माणसांचं काय झालं गं? कुणाचा तळतळाट घेऊ नका," म्हणाल्या. नव्याने आलेल्यांना मी आजही याच प्रश्नापासून सुरुवात करायला सांगते, कारण घरात अजून कुणी राहतंय की नाही, यावर पुढचा सगळा व्यवहार ठरतो.

न्यू जर्सीत हप्ते थकले की बँकेला कोर्टात जावं लागतं. निकाल लागल्यावर काउंटीचा (इथल्या जिल्ह्याचा) शेरीफ, म्हणजे कायदा-अंमलबजावणी अधिकारी, घराचा जाहीर लिलाव करतो. बोली जिंकली की साधारण २० टक्के रक्कम तिथेच भरायची आणि उरलेली ३० दिवसांत. घर आतून बघायला मिळत नाही. लिलावानंतर १० दिवस जुन्या मालकाला पैसे भरून घर सोडवून घेता येतं. थकलेला प्रॉपर्टी टॅक्स बहुतेक वेळा तुमच्या गळ्यात येतो. आत कुटुंब राहत असेल तर त्यांना बाहेर काढणंही तुमच्याकडेच, आणि खरा भाडेकरू असेल तर केंद्रीय कायद्याप्रमाणे त्याला किमान ९० दिवसांची नोटीस द्यावी लागते. २०२४ पासून स्वतः राहायला घेणाऱ्याला ३.५ टक्के भरून बोली पक्की करण्याची सोय झाली आहे, पण तिथे ८४ महिने राहण्याची अट आहे. एच-१बीवर, म्हणजे नोकरीवर अवलंबून असलेल्या तात्पुरत्या व्हिसावर, असताना सात वर्षांचं वचन देऊ नका. नोकरी गेली तर काय कराल?

लिलावात कुणी घेतलं नाही की घर बँकेच्याच नावावर येतं. याला इथे आरईओ म्हणतात. हे घर सहसा रिकामं असतं, रिअल्टरबरोबर जाऊन बघता येतं, वकील लावून टायटल, म्हणजे मालकी हक्काची कागदपत्रं, तपासता येतं. तुम्ही याच वाटेने जा. फॅनी मे या गृहकर्ज विकत घेणाऱ्या कंपनीची घरं तिच्या होमपाथ या वेबसाइटवर असतात आणि पहिले ३० दिवस ती स्वतः राहणाऱ्यांसाठीच राखीव ठेवतात, म्हणजे रोख पैसे घेऊन फिरणाऱ्या गुंतवणूकदाराशी तुमची गाठ पडत नाही. लिस्टिंग आल्या आल्या धावा.

एफएचएचं, म्हणजे सरकारी हमी असलेलं, कर्ज घ्या हा जुन्या लोकांचा सल्ला आता लागू नाही. २५ मे २०२५ पासून एच-१बीवर असलेल्यांना एफएचएचं कर्ज मिळत नाही. त्यामुळे दुरुस्तीचा खर्च धरून मिळणारं २०३-के कर्जही ग्रीन कार्ड येईपर्यंत विसरा. कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेलं, कर्ज मिळतं, पण हीटिंग बंद आणि नळ कोरडे असलेल्या घरावर ते द्यायला बँक कां-कू करते. दुरुस्तीचे पैसे डाउन पेमेंटपेक्षा वेगळे हातात हवेत.

आता घराकडे. आमच्या टॉयलेटवर 'विंटराइज्ड' अशी चिकटपट्टी लावलेली होती. रिकाम्या घरात थंडीने पाइप फुटू नयेत म्हणून पाणी काढून टाकतात, त्याची ती खूण. आमच्या घरात ते काम उशिरा झालं होतं. इन्स्पेक्शनच्या दिवशी बँकेची परवानगी काढून, आमच्या खर्चाने पाणी सुरू करवलं, तर थोड्याच वेळात बेसमेंटच्या छतातून धार लागली. तांब्याचा पाइप तीन ठिकाणी फुटला होता. रिअल्टर म्हणत होता, पाण्याचं क्लोजिंगनंतर, म्हणजे घर नावावर झाल्यावर, बघू. त्याचं ऐकलं असतं तर ती धार आमच्याच घरात लागली असती. घर 'ॲज-इज' विकलं जातं, बँक काहीही दुरुस्त करून देत नाही. तरी फुटलेल्या पाइपचे फोटो दाखवून आम्ही किंमत थोडी उतरवून घेतली.

आणि ऑइल टँक! इथल्या जुन्या घरांत पूर्वी तेलावर हीटिंग चालायचं आणि टाकी अंगणात पुरलेली असायची. पुढे गॅस आला, टाकी मातीतच राहिली. ती गळत असेल तर माती उपसून साफ करण्याचा खर्च हजारो डॉलरवर जातो आणि तो घरमालकाच्या डोक्यावर बसतो. काहीशे डॉलर देऊन टँक स्वीप, म्हणजे जमिनीखाली टाकी आहे का याची तपासणी, करून घ्या. बँकेने त्या घरात एक रात्रही काढलेली नसते, त्यामुळे अंगणात काय पुरलंय हे तिला विचारून काही कळत नाही. शेजारच्या आजोबांना विचारा. आम्हाला त्यांनीच सांगितलं, टाकी पूर्वीच काढली म्हणून.

टाउनशिपचं ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, म्हणजे घर राहण्यायोग्य असल्याचा दाखला, कुणी आणायचं, हे करारात वाचा. बहुतेक वेळा ते खरेदीदारावर ढकललेलं असतं.

जुनं कुटुंब आम्ही येण्याच्या वर्षभर आधी निघून गेलं होतं. सासूबाईंना तसं कळवलं, तेव्हा त्यांनी वास्तुशांतीचा मुहूर्त काढून दिला. किल्ली मिळाली त्या संध्याकाळी मात्र आधी सगळी कुलपं बदलली, कारण गवत कापणाऱ्यापासून सफाईवाल्यापर्यंत कितीजणांकडे तीच किल्ली होती, कुणालाच माहीत नव्हतं.