आधी मतदार यादी, मग रॅली : प्रचारात उतरणाऱ्या नव्या कार्यकर्त्यांसाठी काही अनुभव

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मी पुण्याच्या एका उपनगरी मतदारसंघात पक्षाची कार्यकर्ती म्हणून पहिल्यांदा पूर्णवेळ काम केले. त्यासाठी नोकरीतून तीन आठवड्यांची बिनपगारी रजा घेतली होती आणि त्या रजेचे काय झाले, याची बोच अजून गेलेली नाही. पक्षाचे नाव येथे लिहीत नाही, कारण समोरच्या पक्षात काम करणाऱ्या दोन मैत्रिणींशी नंतर बोलले तेव्हा त्यांच्या कार्यालयातील कहाणी जवळजवळ तीच निघाली. बूथ, आचारसंहिता, मतदान प्रतिनिधी या गोष्टी वाचणाऱ्यांना ठाऊक आहेत असे धरून, मला जे कोणी आधी सांगितले नाही तेवढेच सांगते.

निवडणूक कार्यक्रम १५ ऑक्टोबरला जाहीर झाला, अर्ज मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि १८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी जाहीर प्रचार थांबला. म्हणजे लढत स्पष्ट झाल्यानंतर हातात अवघे दोन आठवडे होते. त्याआधीचे दिवस दिवाळीत गेले. १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आणि ३ तारखेला भाऊबीज असल्यामुळे निम्म्या सोसायट्यांना कुलपे होती. इतक्या कमी वेळात स्थानिक नेत्यांनी आम्हाला कोणत्या कामाला जुंपले, तर दुचाकी रॅलीला. सकाळी पदयात्रा, दुपारी पत्रके, संध्याकाळी रॅली किंवा कोपरा सभा आणि रात्री अकरानंतर आढावा बैठक, असा क्रम रोज चालला. बैठकीत विचारणा एकच होई, ती म्हणजे फोटो ग्रुपवर टाकले का आणि कोणता भाग ‘कव्हर’ झाला. एकाच गल्लीतून आम्ही चार वेळा घोषणा देत गेलो, पण त्या गल्लीतील किती घरांची दारे प्रत्यक्ष वाजवली, हे त्या दोन आठवड्यांत मला एकदाही कोणी विचारले नाही. ‘वातावरण तयार झाले पाहिजे’ हे वाक्य ज्या बैठकीत सतत ऐकू येते, तेथे घरोघरी जाण्याच्या कामाला वाली नसतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

हे असे का होते, ते मला फार उशिरा कळले. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि तेव्हापासून कारभार प्रशासकाकडे होता. त्यामुळे प्रत्येक प्रभागात नगरसेवकपदाचे चार-पाच इच्छुक अडीच वर्षांहून अधिक काळ वाट पाहत बसले होते. विधानसभेचा प्रचार त्यांच्यासाठी स्वतःची ताकद वरिष्ठांना दाखवण्याची संधी होती आणि ताकद गर्दीतून दिसते, दारावरच्या संभाषणातून दिसत नाही. शिवाय कोणत्या घरात कोण आपले, कोण नाराज, कोण गावी राहते ही माहिती म्हणजे त्यांची पुढच्या निवडणुकीची पुंजी होती. ती दुसऱ्या इच्छुकाच्या हाती पडू नये म्हणून खुणा केलेल्या याद्या कपाटात राहत. त्यात दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी आणि दोन्हीकडे आघाड्या असल्यामुळे काही बूथ मित्रपक्षाच्या वाट्याला दिलेले होते. ज्यांचा स्वतःचा उमेदवार येथे उभाच नव्हता, त्यांची नावे कागदावर बूथप्रमुख म्हणून असत, पण फोन उचलला जात नसे.

आता ज्या गोष्टीत मी फसले ती सविस्तर सांगते, कारण यात नवा माणूस हमखास सापडतो. आमच्या कार्यालयाकडे मे २०२४ च्या लोकसभेच्या वेळची यादी होती. तिच्यावर जुन्या कार्यकर्त्यांनी खुणा केलेल्या होत्या आणि तिच्यावरूनच संगणकात माहिती भरलेली होती. त्या माहितीवरून मतदार चिठ्ठ्या छापून आल्या. मी माझ्या वाट्याच्या सुमारे तीनशे घरांत त्या चार दिवसांत पोहोचवल्या आणि मनापासून समाधान मानले. परंतु लोकसभेनंतर १ जुलै २०२४ ही अर्हता तारीख (म्हणजे ज्या तारखेला वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात ती) धरून यादीची पुन्हा दुरुस्ती, म्हणजे पुनरीक्षण, झाले होते, ऑगस्टअखेर नवी अंतिम यादी आली होती आणि मतदान केंद्रांचीही फेरआखणी झाली होती. आमच्या भागात जो एक यादीभाग (म्हणजे एका मतदान केंद्रापुरता यादीचा भाग) होता त्याचे दोन झाले होते. यादीभाग बदलला की भाग क्रमांक बदलतो, त्याबरोबर मतदाराचा अनुक्रमांक बदलतो आणि बहुतेक वेळा मतदानाची खोलीही बदलते. शाळा तीच राहते, म्हणून चूक कोणाच्या लक्षात येत नाही.

२० नोव्हेंबरला सकाळी साडेदहाच्या सुमारास केंद्रापासून दोनशे मीटरच्या बाहेर मांडलेल्या आमच्या टेबलाशी एक वृद्ध गृहस्थ परत आले. ते पाऊण तास खोली क्रमांक ३ च्या रांगेत उभे राहिले होते आणि आत गेल्यावर मतदान अधिकाऱ्याने त्या अनुक्रमांकावर दुसऱ्याच बाईंचे नाव असल्याचे सांगितले होते. त्यांनी मी दिलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली. तिची घडी नीट घातलेली होती आणि मागच्या बाजूला त्यांनी पेन्सिलीने ‘३, जिन्याजवळ’ असे लिहून ठेवले होते. मला त्यांच्याकडे पाहवेना. आम्ही नवी यादी शोधू लागलो, तर ती टेबलावर नव्हतीच. ती प्रभागातील एका इच्छुकाच्या गाडीत होती. अखेर केंद्राबाहेर बसलेल्या बीएलओंनी, म्हणजे त्या केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांनी, अकारविल्हे यादीत त्यांचे नाव शोधून दिले आणि ते वरच्या मजल्यावरील खोलीत जाऊन मतदान करून आले. पण त्यांच्यासारखे आणखी कितीतरी लोक दुपारपर्यंत आले आणि काही जण उन्हात पुन्हा रांगेत उभे न राहता घरी निघून गेले. केंद्राच्या शंभर मीटरच्या आत मोबाइल नेण्यास बंदी असल्याने आत गेलेल्याला फोनवर योग्य क्रमांक कळवण्याचीही सोय नव्हती.

म्हणून अगदी पहिल्या दिवशी विचारा : ही यादी कोणत्या अर्हता तारखेची आहे? मुखपृष्ठावर ती छापलेली असते. त्यानंतर शेवटची पुरवणी जोडलेली आहे का ते पाहा, कारण नव्याने आलेली आणि वगळलेली नावे तिच्यात असतात. पुरवणीशिवायची यादी ही अर्धी यादी आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तुमची कोणतीही खूण भाग क्रमांक आणि अनुक्रमांक यांच्यावर टाकू नका. ती मतदार ओळखपत्राच्या क्रमांकासमोर टाका. भाग बदलतो, अनुक्रमांक बदलतो, खोली बदलते, पण ओळखपत्राचा क्रमांक सहसा मतदाराबरोबर राहतो, त्यामुळे जुन्या खुणा नव्या यादीवर बिनचूक उतरवता येतात. हे काम कंटाळवाणे आहे, एका भागात हजार-बाराशे नावे असतात आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकण्यासारखा नसतो. तरीही एखादी रॅली सोडावी लागली तरी चालेल, पण हे काम सोडू नका.

याच हलगर्जीपणाची आणखी एक किंमत आमच्या भागाने मोजली. ८५ वर्षांवरील मतदारांना आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मतदान करता येते, परंतु त्यासाठीचा नमुना १२ ड अधिसूचनेपासून ५ दिवसांत भरावा लागतो. अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली, आमच्या कार्यालयात तेव्हा उमेदवारीची भांडणे चालू होती आणि ही मुदत कोणालाही आठवली नाही. जिना उतरू न शकणाऱ्या तीन आजी मला माझ्याच गल्लीत नंतर भेटल्या.

मार्गदर्शक कोणाला मानावे, याबद्दल माझे मत आता पक्के आहे. व्यासपीठावर खुर्ची मिळते त्याच्या मागे फिरू नका. मला खऱ्या अर्थाने शिकवले ते एका निवृत्त अंगणवाडी सेविकेने. त्यांनी अनेक वर्षे बीएलओचे काम केले होते आणि पुनर्विकासासाठी पाडलेल्या इमारतीतील कोणते कुटुंब कोठे भाड्याने राहायला गेले, हे त्यांना तोंडपाठ होते. पत्र्यांच्या कुंपणाआड खड्डा खणलेला आणि यादीत त्याच पत्त्यावर दीडशे मतदार, अशी ठिकाणे आमच्या भागात अनेक होती. त्या लोकांना शोधण्याचे काम कोणतेही ॲप करत नाही. ॲप वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण त्यात भरलेली माहिती जुनी असेल तर चूक अधिक वेगाने घरोघरी पोहोचते. रोजाने आणलेल्या मुलांकडून चिठ्ठ्या वाटून घेणे हाही आडमार्गच आहे. ती मुले चिठ्ठी दाराला खोचून जातात आणि आत कोण राहते हे कोणालाच कळत नाही.

हे वाचून कोणी मागे हटू नये, असे मात्र मला कळकळीने वाटते. वरिष्ठांची रणनीती तुमच्या हातात नसते, पण एक बूथ तुमच्या हातात असू शकतो आणि एक बूथ नीट सांभाळणारा माणूस पक्षात फार लवकर ओळखला जातो. मतदान प्रतिनिधी होण्याची संधी मिळाली तर आनंदाने घ्या. मतदानाच्या आधी दीड तास यंत्र तपासण्यासाठी होणाऱ्या अभिरूप (चाचणी) मतदानाला हजर राहा. सातला मतदान सुरू होणार असेल तर साडेपाचला तेथे असले पाहिजे. संध्याकाळी मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षांकडून नमुना १७ क ची, म्हणजे त्या केंद्रावर झालेल्या मतांच्या हिशेबाची, स्वाक्षरी केलेली प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. कितीही थकला असाल, घरून कितीही फोन येत असले, तरी तो कागद घ्या, कारण मतमोजणीच्या दिवशी तुमच्या केंद्रावरील मतांचा आकडा पडताळण्यासाठी तोच हाताशी असतो.

महापालिकेच्या वेळी, म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्ये, प्रभागनिहाय प्रारूप याद्या प्रसिद्ध झाल्या तेव्हा मी कार्यालयात गेले नाही. यादीची प्रत मिळवली, त्या निवृत्त सेविकेच्या घरी बसून आमच्या गल्ल्या एकेक करून तपासल्या आणि शेजारच्या प्रभागात गेलेल्या एका संपूर्ण इमारतीसाठी मुदतीत हरकत नोंदवली. त्या दिवशीही संध्याकाळी रॅली होती आणि मी का आले नाही, असे मला तीन जणांनी फोन करून विचारले. मी त्यांना त्या इमारतीचे नाव सांगितले. त्यांपैकी एक जण दुसऱ्या दिवशी पेन घेऊन आमच्याबरोबर यादी तपासायला आला.