इंग्लंडमधला फ्लॅट विकताय? आधी लीजची वर्षं मोजा

वर्षातून दोन-तीन वेळा तरी हा फोन येतो. "काका, लंडनचा फ्लॅट विकून पुण्याला परत चाललोय. कुणी चांगला एजंट आहे का?" मी विचारतो, लीजची किती वर्षं उरलीत? पलीकडे शांतता. मग, "फ्लॅट आमच्याच नावावर आहे हो, कर्जही फिटलंय."

नावावर आहे, पण काय? इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक फ्लॅट लीजहोल्ड असतात. जमीन आणि इमारत फ्रीहोल्डरची, म्हणजे मूळ मालकाची. तुमच्याकडे ठरावीक वर्षांचा हक्क, आणि तुम्ही विकता ती उरलेली वर्षं. सिडकोची ६० वर्षांची लीज पाहिलेल्या नवी मुंबईकराला हे चटकन कळतं. बाकीचे डोक्यात सातबारा घेऊन येतात. (स्कॉटलंडचा कायदा वेगळा, तिथे फ्लॅटही सहसा मालकीचाच.)

माझ्या एका मित्राने लंडनच्या हॅरोमध्ये २००३ साली फ्लॅट घेतला. लीज १९८७ पासून ९९ वर्षांची, म्हणजे तेव्हा ८३ उरलेली. २०२३ मध्ये विकायला काढला तेव्हा त्याने खरेदीच्या वेळचा कागद बघून एजंटाला ८३च सांगितली, आणि एजंटाने ती डोळे मिटून छापली. मधली वीस वर्षं कुणी वजाच केली नाहीत! दहाव्या आठवड्यात गिऱ्हाइकाच्या सॉलिसिटरने (वकिलाने) ६३ हा आकडा काढला, बँकेने कर्ज नाकारलं, गिऱ्हाईक गेलं. मित्राची भारताची तिकिटं काढलेली होती. शेवटी एक रोखीवाला आला आणि भाव पाडून फ्लॅट घेऊन गेला.

८० हा आकडा लक्षात ठेवा. लीज त्याखाली उतरली की मुदत वाढवल्याने फ्लॅटची जी किंमत वाढते, तिच्यातला अर्धा वाटा 'मॅरेज व्हॅल्यू' म्हणून फ्रीहोल्डर मागतो. ती रद्द करणारा कायदा २०२४ मध्ये मंजूर झाला म्हणून काही जण निवांत बसतात. कायदा मंजूर झाला म्हणजे त्यातलं प्रत्येक कलम लगेच लागू होत नाही. आपल्याला लागणारं कलम लागू आहे का, हे सॉलिसिटरकडून लेखी घ्या.

माझी सवय सांगतो. विकायचा विषय घरात निघाला की त्याच संध्याकाळी लँड रजिस्ट्रीच्या सरकारी साइटवरून टायटल रजिस्टर, म्हणजे मालकीचा उतारा, उतरवायचं. थोडक्या पौंडांचं काम. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट त्याच कागदाचे कितीतरी पट पैसे घेतात आणि घाईतली माणसं नेमकी तिथेच जातात. लीजची सुरुवात आणि मुदत बघायची, वजाबाकी स्वतः करायची. वर्षं कमी भरली तर विक्रीआधीच फ्रीहोल्डरला मुदतवाढीची नोटीस द्यायची. तिचा हक्क विक्रीसोबत गिऱ्हाइकाच्या नावे करून देता येतो, मात्र हे घरबसल्या करायचं काम नाही, सॉलिसिटर हवाच.

त्याच रजिस्टरात मालकांच्या नावांखाली 'रिस्ट्रिक्शन', म्हणजे विक्रीवरची अट, आहे का तेही वाचा. दोन भावांचा हिस्सा वेगवेगळा नोंदला असेल, तर एक वारल्यावर मागे राहिलेल्याला एकट्याच्या सहीने विकता येत नाही. दुसरा ट्रस्टी नेमावा लागतो. हे शेवटच्या आठवड्यात कळलं की घरात जे काही होतं ते मी पाहिलंय.

'शेअर ऑफ फ्रीहोल्ड' (इमारतीच्या मूळ मालकीत फ्लॅटवाल्यांचा वाटा) असेल तर जाहिरातीत नुसतं फ्रीहोल्ड लिहू नका. लीज तिथेही असते आणि कमीही होत जाते.

टायटल 'अ‍ॅब्सोल्यूट' (पक्क्या हक्काचं) नसून 'पझेसरी' (ताब्यावर आधारलेलं) असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. नोंदणीला १२ वर्षं झाली असतील तर ते वरच्या दर्जाचं करून घेण्याचा अर्जही करता येतो.

भारतात राहायला गेलात तर लँड रजिस्ट्रीत तिथला पत्ता द्या, नाहीतर नोटिसा रिकाम्या फ्लॅटच्या दारात पडून राहतात.

आणि ब्रिटनबाहेर राहून विकलंत तर विक्री पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत ब्रिटनच्या करखात्याला कळवावं लागतं. नफा शून्य असला तरी. माझा तोच मित्र "टॅक्सच नाही तर फॉर्म कशाला" म्हणाला, आणि पुण्याच्या पत्त्यावर दंडाचं पत्र आलं.