मॉडेलचा बेस पावसाळ्यात वाकू नये म्हणून

आर्किटेक्चरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असाल तर कटर कसा धरायचा, स्केल कसं लावायचं हे सांगायला नको. मी फक्त बेसबद्दल, म्हणजे मॉडेल ज्यावर उभं राहतं त्या पाटाबद्दल लिहितेय, कारण माझी दुसऱ्या वर्षाची ज्युरी (परीक्षकांसमोर काम मांडणं) बेसनेच घालवली.

ऑगस्ट महिना, पुण्यात चार दिवस झड लागलेली. ग्रे बोर्डावर (जाड राखाडी पुठ्ठ्यावर) वरून फेविकॉल फासला, ब्राउन पेपर चिकटवला आणि रात्रभर पंख्याखाली ठेवला. सकाळी पाहते तर दोन कोपरे अंगठाभर उचललेले, एकाही भिंतीचं बूड टेकेना. तिथेच बसून रडले.

झालं काय, तेवढं नीट समजून घ्या. फेविकॉलमध्ये पाणी असतं. कागद ते पितो, फुगतो आणि फुगलेलाच चिकटतो. मग सुकताना आकसतो आणि बोर्डाला ओढतो. मागून उलटं ओढणारं काहीच नसतं, म्हणून बोर्ड वाकतो. त्यामुळे पुढे जो कागद लावाल तोच मागेही लावायचा, त्याच बैठकीत आणि तंतूंची दिशा तीच ठेवून. दिशा कळत नसेल तर चार बोटांचा तुकडा एकाच बाजूने ओला करा. तो नळीसारखा वळतो. नळीची लांबी ज्या दिशेला, त्याच दिशेला तंतू. प्लायवूड सरळ राहतं त्यामागेही हेच आहे: थर विषम संख्येत, एकाचे तंतू उभे तर पुढच्याचे आडवे, त्यामुळे मधल्या थराच्या दोन्हीकडे ओढ सारखी.

‘जाड बोर्ड घे, काही होत नाही’ असं सांगणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. जाडही वाकतो, आणि मग सरळ करताना जीव जातो. सगळंच लेझर कटिंगला देणंही मला पटत नाही, निदान पहिल्या वर्षी तरी. बोर्ड हाताखालून गेल्याशिवाय त्याचा स्वभाव कळत नाही.

भिंतींना सनबोर्ड (हलकी पीव्हीसी फोम शीट) उत्तम. १:१०० स्केलला २ मिमी शीट ९ इंची भिंतीच्या जवळ जाते. दमट हवेचं त्याला काही नाही, पण उन्हात बंद गाडीत ठेवलंत तर मऊ पडतं. बेसला ६ मिमी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) घ्या, मात्र कापलेल्या कडा पाणी ओढतात. वार्निश कडांना आणि खालच्या बाजूलाही मारा. फेविबॉन्ड या रबरी गोंदात पाणी नसतं म्हणून कागदाला चालतं, पण थर्मोकोलला लावलंत तर ते विरघळवून टाकतं.

आणि आज रात्रीच बेस वाकला असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा तो वाचतो. मागच्या बाजूला तोच कागद त्याच गोंदाने लावा, वर-खाली प्लास्टिक घाला, ड्रॉइंग बोर्डाखाली दाबून वर जाड पुस्तकं ठेवा. सकाळी लगेच उघडू नका, पूर्ण सुकू द्या. तरीही कोपरा उचललेलाच राहिला तर खालून एमडीएफला स्क्रूने आवळून टाका.