.३८० घरी रीलोड करताय? आधी या चुका टाळा

२०२० मध्ये अमेरिकेत काडतुसांचा तुटवडा पडला, तेव्हा नऊ एमएम निदान कुठेतरी मिळायचं; .३८० एसीपी, म्हणजे छोट्या पिस्तुलांचं काडतूस, शोधूनही सापडत नव्हतं. इथल्या आपल्या बऱ्याच मराठी मंडळींनी तेव्हाच गॅरेजमध्ये रीलोडिंगचं प्रेस बसवलं, म्हणजे वापरलेल्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी कवचात) नवा प्राइमर (ठिणगी देणारी टोपी), पावडर आणि बुलेट भरायचं यंत्र. कारण योग्यच होतं. पण तेव्हापासून त्याच त्या चुका बघतोय, आणि या छंदातली चूक कधीकधी बोटं घेऊन जाते, म्हणून हे लिहायला बसलो.

सगळ्यात आधी कायद्याचं. एच-१बी किंवा दुसऱ्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर सर्वसाधारणपणे बंदूकच काय, काडतूस बाळगणंही अमेरिकेच्या फेडरल कायद्यात गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून, मित्राला विचारून नाही. भारतातून वाचत असाल तर प्रश्नच मिटला: परवान्याशिवाय काडतुसं बनवणं तिथे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे.

आता मूळ मुद्दा. .३८० ही लहान पुंगळी आहे, लांबी जेमतेम .६८० इंच. तिच्यात पडणारी पावडर बऱ्याच लोडमध्ये (पावडर-बुलेटच्या ठरलेल्या मेळात) ३ ग्रेनच्या आसपास, म्हणजे सुमारे ०.२ ग्रॅम. रायफलच्या ४५ ग्रेनमध्ये ०.३ ग्रेन इकडेतिकडे झालं तर फारसं बिघडत नाही. इथे तेवढ्यात दहा टक्के फरक पडतो. लोक लहान काडतूस म्हणून ते सोपं समजतात. खरं तर शिकायला .३८ स्पेशल कितीतरी बरं, आणि नवख्याने .३८० पासून सुरुवात करूच नये असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात घातक चूक म्हणजे पुंगळीत पावडर न पडणं किंवा दोनदा पडणं. या दोन्ही चुका बहुतेक वेळा एकाच क्षणी होतात, ते कसं ते सांगतो.

इनडोअर रेंजवर माझ्या शेजारच्या लेनमध्ये ओळखीतला एक तरुण होता. त्याच्या पिस्तुलातून नेहमीच्या धडाक्याऐवजी ‘फट्’ असा दबका आवाज आला. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे आलीच नाही. त्याने हाताने स्लाइड ओढली, पुंगळी बाहेर पडली, पुढचं काडतूस आत गेलं आणि त्याने पुन्हा नेम धरला. मी ओरडलो, “थांब! ट्रिगरवरचं बोट काढ आधी!”

“अहो दादा, मिसफायर झालं फक्त,” तो म्हणाला.

पिस्तूल रिकामं करून बॅरल काढली. बुलेट मधोमध अडकलेली होती. त्या पुंगळीत पावडरच नव्हती. नुसत्या प्राइमरच्या जोरावर बुलेट तिथवर सरकली होती. मागून दुसरी सुटली असती तर बॅरल फुगली असती किंवा फुटली असती, तीही त्याच्या हातात.

घरी त्याचं प्रेस पाहिलं. पुंगळ्यांची प्लेट हाताने फिरवायचं प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एका झटक्यात अनेक पुंगळ्यांवर वेगवेगळी कामं करणारं. मध्येच प्राइमर अडकला, त्याने हँडल अर्ध्यावर सोडलं, प्राइमर सोडवला, हँडल पुन्हा खाली ओढलं आणि अंदाजाने प्लेट पुढे ढकलली. अंदाज चुकला की एक पुंगळी कोरडी राहते आणि दुसरीत दोनदा पडते. तो म्हणाला, उरलेली काडतुसं काट्यावर वजन करून वाईट कोणती ते शोधू. ते जमत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्या आणि बुलेट यांच्या वजनातला फरकच पावडरच्या वजनाइतका भरतो. मग हातोडीसारखं पुलर (आपटून बुलेट बाहेर काढायचं अवजार) घेऊन अख्खी पिशवी एकेक करून फोडली. एकात दुप्पट पावडर निघाली. बुलेट मात्र नीट बसलेली होती, बाहेरून काडतूस अगदी चोख दिसत होतं.

माझी पद्धत साधी आहे. .३८० मी सिंगल स्टेज, म्हणजे एका वेळी एकच काम करणाऱ्या प्रेसवरच भरतो. पावडर पडलेल्या पुंगळ्या लाकडी ब्लॉकमध्ये उभ्या करतो आणि बुलेट बसवण्याआधी टॉर्च घेऊन प्रत्येक पुंगळीत डोकावतो. पावडर फुगीर निवडतो, अर्ध्याहून जास्त पुंगळी भरणारी, म्हणजे दुप्पट पडली तर ती सांडते, लपत नाही. दाट पावडर स्वस्त पडते म्हणून लोक घेतात; तिची दुप्पट मात्राही या चिमुकल्या पुंगळीत निमूट मावते. काम मध्येच थांबलं, फोन आला, पोरगं हाक मारत आलं, तर प्रेसवर जी पुंगळी असेल ती रिकामी करून पुन्हा पहिल्यापासून. “एवढं करत बसलो तर दिवसाला शंभरच होतील,” असं म्हणणारे भेटतात. होऊ द्या शंभर. ज्यांना घाई आहे त्यांनी कारखान्याची काडतुसं विकत घ्यावीत, मी मनापासून सांगतो.

दुसरी चूक बुलेट आत सरकण्याची. छोट्या पिस्तुलाचा फीड रॅम्प, म्हणजे काडतूस बॅरलकडे वर सरकवणारा तिरका भाग, चढा असतो. मॅगझिनमधून वर येताना बुलेटचं नाक त्यावर आपटतं. पुंगळीची पकड सैल असेल तर बुलेट आत दबते, आतली जागा कमी होते आणि दाब झपकन वाढतो. .३८० ची दाबाची कमाल मर्यादा २१,५०० पीएसआय, नऊ एमएमची ३५,०००. त्या हिशेबानेच ही छोटी पिस्तुलं घडवलेली असतात. यावर लोकांचा उपाय ठरलेला: क्रिंप, म्हणजे पुंगळीच्या तोंडाची बुलेटभोवतीची आवळण, आणखी घट्ट करायचा. नेमकं उलटं होतं. जास्त क्रिंप केला की बुलेट चेपते, पितळ मात्र थोडं परत उघडतं, आणि पकड आणखी ढिली पडते. शिवाय हे काडतूस चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाच्या जागेत) पुंगळीच्या तोंडावर टेकतं. तोंड आत वळवून टाकलं तर टेकायला काही राहत नाही. पकड साइझिंग डायमधून, म्हणजे पुंगळी आवळून मापात आणणाऱ्या साच्यातून येते. क्रिंपचं काम फक्त बुलेट बसवायला तोंड उघडताना आलेली घंटी (पसरट कड) पुसायचं, आणि म्हणून घंटीही बुलेट जेमतेम बसेल इतकीच ठेवा. तयार काडतूस मी बुलेटच्या बाजूने बेंचच्या कडेवर अंगठ्याने जोरात दाबतो आणि कॅलिपर लावतो. लांबी कमी भरली तर ते काडतूस फोडायचं. रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी तेच काडतूस पुन्हा चेंबरमध्ये भरणाऱ्यांनी तर हे मोजलंच पाहिजे, मग काडतूस कारखान्याचं का असेना.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. बॅरल काढून त्यात काडतूस टाका: ‘टप्’ करून बसलं पाहिजे, बोटाने फिरलं पाहिजे आणि बॅरल उलटी केली की आपणहून पडलं पाहिजे. प्राइमर वर राहिलाय का ते बोट फिरवून बघा. रेंजवरून वेचलेल्या पुंगळ्यांत .२२ च्या पुंगळ्या घुसून बसतात आणि डायची पिन मोडतात. मकारोव्ह या दुसऱ्या पिस्तूल-काडतुसाच्याही मिसळलेल्या असतात, तेव्हा तळावरचा शिक्का वाचा. बेंचवर एका वेळी पावडरचा एकच डबा. डिजिटल काटा एसीच्या झोताखाली ठेवू नका, आकडा हलतो. व्हॉट्सअॅपवर आलेला लोड कधीच भरू नका. छापील मॅन्युअल उघडा आणि तिथल्या सुरुवातीच्या मात्रेपासून वर चढा. जुनी ब्लोबॅक (बॅरल लॉक न होणारी) पिस्तुलं आणि लॉक होणाऱ्या बॅरलची एलसीपी किंवा ग्लॉक ४२ ही पिस्तुलं यांना एकच लोड मानवेल असं गृहीत धरू नका.

पुंगळ्या घासायचं टम्बलर स्वयंपाकघराजवळ चालवू नका. त्या धुळीत प्राइमरमधलं शिसं असतं, आणि घरात रांगणारं मूल असेल तर ते सरळ त्याच्या पोटात जातं. मी पुंगळ्या पाण्यात धुतो, गॅरेजमध्ये, आणि ते कपडे वेगळे टाकतो.

अंगावर बाळगायच्या पिस्तुलात मी कारखान्याचंच काडतूस ठेवतो. घरचं फक्त सरावाला. आणि ते कुणाला विकायचं नाही. विक्रीसाठी काडतुसं बनवायला वेगळा परवाना लागतो.

शेवटचं, फक्त आपल्या लोकांसाठी. रेंजला नेता ती बॅग भारताच्या प्रवासाला काढू नका. शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं की शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि सुट्टी पोलीस ठाण्यात व कोर्टात जाते. रेंजची बॅग वेगळ्या रंगाची घ्या आणि ती गॅरेजमध्येच ठेवा.