नेदरटन सिंड्रोमचे निदान: भुवयांचे केस तपासा

जन्मतः किंवा जन्मानंतर काही दिवसांतच बाळाचे सर्वांग लाल दिसत असेल, त्वचेचे पापुद्रे सुटत असतील आणि वजन नीट वाढत नसेल, तर ‘इसब’ अशी नोंद करून थांबू नये. तीव्र इसब, सोरायसिस, इक्थिओसिसचे (त्वचा कोरडी व खवल्यांची होण्याच्या आजाराचे) इतर प्रकार आणि प्रतिकारशक्तीचे जन्मजात दोष यांच्याबरोबरच नेदरटन सिंड्रोम या त्वचा व केसांच्या दुर्मिळ आनुवंशिक आजाराचाही विचार व्हायला हवा. या बाळांच्या त्वचेतून पाणी सतत निघून जाते, रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते आणि जंतुसंसर्गही सहज होतो. म्हणून निदानाची वाट न पाहता सोडियम, वजन आणि शरीरातील द्रवाचे प्रमाण यांवर आधी लक्ष ठेवावे.

मूल थोडे मोठे झाल्यावर अंगावर गोलाकार, सरकत जाणारे लाल चट्टे दिसू शकतात आणि त्यांच्या कडेला खवल्यांची दुहेरी रेघ असते. ही रेघ दिसली, तर संशय बळावतो. मात्र सर्वांत बोलका पुरावा केसांत सापडतो. केसाचा एक भाग दुसऱ्यात रुतून बांबूच्या पेरासारखी गाठ तयार होते आणि केस तिथेच तुटतो. डोक्याचे केस विरळ व आखूड असतात, पण गाठी सगळ्याच केसांवर नसतात. म्हणून एक-दोन केस पाहून निष्कर्ष काढू नये. भुवयांचे केस अवश्य तपासावेत, कारण डोक्याच्या केसांत न सापडलेल्या गाठी तिथे अनेकदा सापडतात. डर्मोस्कोपने (त्वचा व केस मोठे करून दाखवणाऱ्या उपकरणाने) हे काम मुलाला अजिबात न दुखवता होते. पहिल्या वर्षात गाठी दिसल्या नाहीत, तरी शंका सोडून न देता काही महिन्यांनी पुन्हा पाहावे.

रक्तात आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) आणि इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले असतात, परंतु ते साध्या इसबातही वाढतात. त्वचेच्या बायोप्सीत ‘लेक्टी’ हे प्रथिन नसणे अधिक निर्णायक ठरते. हे प्रथिन बनवणाऱ्या ‘स्पिंक-५’ जनुकाची चाचणी निदानावर शिक्कामोर्तब करते. आजार अप्रभावी पद्धतीने, म्हणजे सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आले तरच, वारशात येत असल्याने आईवडील सहसा निरोगी वाहक असतात आणि प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे जनुकीय समुपदेशन आवश्यक आहे.

इसब समजून टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारे मलम सुरू झाले असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना तातडीने सांगावे. या मुलांच्या त्वचेतून ते मोठ्या प्रमाणात रक्तात शोषले जाऊ शकते.