‘गेट’ कसं वापरायचं

नारायण पेठेतल्या माझ्या इंग्रजीच्या वर्गाला बहुतेक चाळिशीपुढच्या बायका येतात. ‘मॅडम, गेटचा नक्की अर्थ काय?’ असं कोणी विचारलं, की मी विचारते, ‘लागणे’चा काय? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वरंध घाटात बस लागते. (स्वारगेटमधलं गेट वेगळं. त्याचा उच्चार लांबवायचा, याचा आखूड ठेवायचा.)

तेव्हा अर्थांची यादी पाठ करू नका. ‘गेट’च्या पुढे काय येतं ते बघा.

पुढे वस्तू आली तर मिळणं किंवा आणणं: ‘आय गॉट अ लेटर’, ‘गेट मी सम वॉटर’. विशेषण आलं तर होणं: ‘गेट अँग्री’, ‘गेट ओल्ड’. ठिकाण आलं तर पोहोचणं. मात्र ‘गेट होम’ म्हणताना मध्ये ‘टू’ घालायचा नाही. ‘गेट टू द स्टेशन’ला तो हवाच.

खरी गंमत पुढे आहे. ‘आय कट माय हेअर’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याला वाटेल, तुम्ही आरशासमोर स्वतःच कात्री चालवली. पार्लरमध्ये कापून घेतले असतील तर ‘आय गॉट माय हेअर कट’. पंखा दुरुस्त करून घेतला, ब्लाउज शिवून घेतला, गॅसची शेगडी साफ करून घेतली: मराठीत जिथे ‘करून घेतलं’ येतं, तिथे गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आय गॉट द फॅन रिपेअर्ड.’ माणसाचं नाव घ्यायचं असेल तर ‘टू’ लागतो: ‘आय गॉट द टेलर टू फिनिश इट बाय फ्रायडे.’ पुण्यातल्या शिंप्याबाबत हे वाक्य खरं ठरेलच असं नाही, व्याकरण मात्र चोख आहे.

बसमधून उतरताना आपण सगळे ‘गेट डाउन’ म्हणतो. कंडक्टरला कळतं, लंडनमध्ये मात्र ‘गेट ऑफ’ म्हणा. जिथे आत उभं राहून चालता येतं, त्या पीएमपी बसला, मेट्रोला, विमानाला ‘ऑन’ आणि ‘ऑफ’. जिथे वाकून शिरून थेट सीटवरच बसायचं, त्या रिक्षाला, कारला ‘इन’ आणि ‘आउट’.

‘गेट बाय’ (कसंबसं भागवणं), ‘गेट अलाँग’ (पटणं), ‘गेट ओव्हर’ (दुःखातून, आजारातून सावरणं) हे जोड अख्खेच्या अख्खे उचला. त्यांची फोड करत बसलात तर हाती काही लागणार नाही.

अर्जात, ऑफिसच्या पत्रात ‘गेट’ जरा घरगुती वाटतो. तिथे ‘रिसीव्ह’, ‘बिकम’ बरे. आणि अमेरिकेतली नात ‘गॉटन’ म्हणाली तर तिला टोकू नका. ते जुनंच इंग्रजी रूप आहे, तिकडे टिकलं. ब्रिटिशांनी ‘गॉट’वर भागवलं.